कालवे नागपूरला का येत नाहीत?

माझे माहेर मालवण तालुक्यातल्या खाडीकाठचे आणि संसार नागपूरचा, हे एकदा कळले की इथली मासेखाऊ मंडळी हमखास एक प्रश्न विचारतात. पापलेट, सुरमई, कोळंबी बर्फात बसून नागपुरापर्यंत येतात, मग ज्यांचे तुम्ही एवढे गुणगान करता ते कालवेच, म्हणजे शिंपेत राहणारे ऑयस्टर, का येत नाहीत? (त्यांत मोती सापडतो का, हेही विचारतात. खाण्याच्या कालवांत दागिन्यात बसवण्यासारखा मोती मिळत नाही. तसा मोती देणारे शिंपले वेगळ्या कुळातले.) मूळ प्रश्नाला ‘समुद्र लांब पडतो’ असे उत्तर देऊन मोकळे होता येईल, पण ते खरे नाही.

मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला १८६७ साली पोहोचली. त्याच काळात अमेरिकेत बाल्टिमोरसारख्या बंदरांतून कालवे रेल्वेने देशाच्या पोटात जात होते, आणि शिकागो तर समुद्रापासून नागपूरपेक्षाही दूर आहे. हे जमले, कारण कालव घट्ट मिटून घेऊन आपल्या शिंपेतले पाणी धरून ठेवते आणि थंडाव्यात पाण्याबाहेरही बरेच दिवस जिवंत राहते. तिकडचे कालवे उथळ खाडीच्या तळाशी वाढणारे. लांब दांड्यांच्या चिमट्यांनी किंवा होडीमागे ओढायच्या लोखंडी जाळ्यांनी ते अख्खे वर काढता येतात.

आमच्याकडचे खडकावरचे कालव अख्खे सुटत नाही. त्याची खालची शिंप खडकाला सिमेंट लावल्यासारखी चिकटलेली असते. म्हणून बायका ओहोटीला खडकावर बसून हातोडीने वरची शिंप फोडतात, आतला मऊ गर टोकदार लोखंडाने खरवडून डब्यात टाकतात आणि खालची शिंप तशीच खडकावर सोडून देतात. वेळेचा हिशेब तिथीवरून चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून त्या दिवशी ओहोटी पहाटे पाचच्या आणि संध्याकाळी पुन्हा पाचच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत खाली उतरते आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, त्यांतले थोडेच हाती लागतात. पाणी पुन्हा चढेपर्यंत जे तास मिळतील तेवढेच काम. माझी आई उकिडवी बसून, शिंपेच्या बिजागरीजवळ नेमका एक ठोका घालून कालव उघडायची. दुसरा ठोका पडला की शिंपेचा चुरा गरात जातो आणि खाणाऱ्याच्या दाताखाली येतो. एवढे करून डब्यात जमतो तो शिंपेबाहेर काढलेला, आपल्याच खारट पाण्यात तरंगणारा गर, आणि कोकणच्या उकाड्यात त्याचे आयुष्य काही तासांचे. तो मापाने विकला जातो आणि बहुतेक वेळा गावातच संपतो.

माझ्या मते खरे उत्तर याच्याही पुढे आहे. बांगडा जेटीवर उतरतो, तिथे लिलाव होतो, व्यापारी येतो, बर्फ आणि ट्रक त्याच्या मागोमाग येतात. कालव जेटीवर येतच नाही. ते बायकांचे काम, होडी नको, जाळे नको, भांडवल म्हणावे तर एक हातोडी. त्यामुळे त्याला कोणी धंदा मानले नाही. बांगड्याचा भाव गावातल्या प्रत्येक पुरुषाला तोंडपाठ असे, पण कालवांचे पैसे घरातल्या कुठल्याही वहीत लिहिले गेले नाहीत. ते बाईच्या कनवटीला राहिले, हे मला वाईट वाटत नाही.

जिथे कालवांचा मोठा धंदा झाला तिथले काही फार हेवा करण्यासारखे नाही. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरावर इतकी झुंबड उडाली की मेरीलंड राज्याला १८६८ साली कालवांसाठी वेगळे सशस्त्र पोलीसदल उभारावे लागले, आणि १८८०च्या दशकात उच्चांक गाठल्यावर तिथले उत्पादन घसरत गेले ते पुन्हा सावरले नाही. न्यूयॉर्कच्या बंदरातले कालवे तर सांडपाण्यानेच संपवले. कालव पाणी आत ओढून गाळते आणि त्यातले अन्नकण ठेवून घेते. पाणी घाण असेल तर रोगजंतूही ठेवून घेते. १९२४च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कपासून शिकागोपर्यंत विषमज्वराची जी साथ पसरली तिचे मूळ अशाच कालवांत सापडले.

हा धोका आपल्याकडेही आहे, म्हणून शहराच्या नाल्यांजवळचे कालवे मी तरी खाणार नाही. मुंबईत तर खडकच कमी होत चालले आहेत. वरळीच्या बाजूचा काही खडकाळ किनारा सागरी मार्गाच्या भरावाखाली गेला, आणि होडी नसलेल्या माणसाचे नुकसान भरपाईच्या अर्जात कसे मांडायचे हा प्रश्न मागे राहिला. उलट सिंधुदुर्गात राज्याच्या वनखात्यातल्या कांदळवन कक्षाच्या मदतीने महिला बचतगटांनी खाडीत कालवेपालन सुरू केले आहे. बांबूच्या मांडवाला रिकाम्या शिंपांच्या माळा टांगतात. कालवाचे पोहणारे पिल्लू दोन-तीन आठवड्यांनी बसायला कठीण जागा शोधते आणि जुनी शिंप त्याला विशेष आवडते. केरळात अष्टमुडी तलावात हेच तंत्र बरीच वर्षे चालू आहे. असे कालव माळेवरून अख्खे, जिवंत काढता येते आणि विकण्याआधी स्वच्छ पाण्यात ठेवून त्याचे पोट साफ करता येते. म्हणजे नागपूरपर्यंत येऊ शकेल असे कालव आता सिंधुदुर्गात तयार होते आहे.

तरी ते इथे येईलच असे मी म्हणत नाही. त्यासाठी सलग शीतसाखळी लागेल, तपासणी लागेल, आणि ते सगळे केवळ दोन-चार मोठ्या हॉटेलांसाठी होणार असेल तर बचतगटांनी मालवणात येणाऱ्या पर्यटकांनाच विकावे, त्यात त्यांचा फायदा अधिक. तुम्हाला खायचेच असतील तर पावसाळा सोडून, शक्यतो थंडीत, पौर्णिमा किंवा अमावास्या बघून मालवणचे तिकीट काढा. लिंबू पिळून कच्चे खाण्याच्या भानगडीत पडू नका. कांदा, भाजलेल्या खोबऱ्याचे वाटप आणि दोन-तीन कोकमाची सोलं घालून केलेले सुके मागा, आणि ते सकाळीच सांगून ठेवा, कारण दुपारी विचारलेत तर संपलेले असते.