मधमाश्यांसाठी पाक करताना

पाक म्हटलं की हात सवयीनं तार बघायला जातो. मीही पहिल्यांदा साखर आणि पाणी एकत्र करून गॅसवर ठेवलं आणि बराच वेळ उकळत ठेवलं. कडेनं सोनेरी रंग चढला, खमंग वास सुटला, आणि पाक उत्तम जमला असं मला वाटलं. एका अनुभवी मधपाळानं तो रंग बघितला आणि सगळा ओतून टाकायला लावला. साखर जास्त तापून करपू लागली की तिच्यात हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते मधमाश्यांना विषारी असतं. लिंबू किंवा व्हिनेगर घालून उकळलं तर ते आणखी भराभर वाढतं. लिंबू पिळायचा सल्ला मलाही मिळाला होता, साखर फुटावी म्हणून. पण ते काम माश्या स्वतःच करतात: त्यांच्या ग्रंथींतल्या इन्व्हर्टेज नावाच्या पाचक विकरामुळे साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं.

आता मी फक्त पाणी उकळते. गॅस बंद करते, भांडं खाली उतरवते आणि मगच साखर घालते. पाणी नितळ दिसेपर्यंत ढवळायचं, बस्स.

प्रमाण वजनानं धरते. त्या वेळी फुलोरा संपत आला होता, पेटी मागून उचलून बघितली तर हलकी लागली, आणि चौकटींच्या वरच्या भागात मधाचा पट्टा जवळजवळ नव्हताच. साठा करायला दाट पाक हवा, म्हणून 1 लिटर पाण्याला 2 किलो साखर घेतली. माश्यांना त्यातलं पाणी कमी उडवावं लागतं. वसाहत वाढवायची असेल, पोळी बांधून घ्यायची असतील, तर 1 लिटरला 1 किलो पुरते. दाट पाक विरघळायला फार चिवट. तळाशी साखर राहिलीच तर भांडं गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवते, पुन्हा विस्तवावर नाही.

साखर पांढरी, साधी. गूळ किंवा तपकिरी साखर जास्त पौष्टिक असेल असं वाटतं, पण त्यांतली खनिजं माश्यांना पचत नाहीत आणि हगवण लागते. दुसरीकडचा मध तर मी कधीच देत नाही. त्यातून फाउलब्रूडचे बीजाणू येऊ शकतात, आणि तो रोग अख्खी वसाहत संपवतो.

पाक तयार झाला, पण देताना मी घाई केली. भर दुपारी उघड्या ताटलीत ठेवला. शेजारच्या पेटीतल्या माश्या तुटून पडल्या, दाराशी मारामारी झाली, आणि कितीतरी माश्या पाकात बुडून मेल्या. ते बघून फार वाईट वाटलं. तेव्हापासून पाक पूर्ण निवल्यावर, दिवस मावळताना, पेटीच्या आतच ठेवते. वर काड्या तरंगत सोडते म्हणजे माश्यांना पाय टेकायला जागा मिळते. दार अरुंद करते आणि बाहेर सांडलेला थेंबन्‌थेंब पुसून घेते.

एका वेळी 2-3 दिवसांत संपेल एवढाच देते. पातळ पाक लवकर आंबतो. फेस किंवा आंबूस वास आला की टाकून देते. आणि मधकोठी, म्हणजे आपल्यासाठी मध साठवायचा वरचा कप्पा, चढवण्याआधी पाक बंद करते, नाहीतर माश्या तोच वर नेऊन भरतात आणि काढलेल्या मधात साखर येते.