बेअरबोन मिनी पीसीसाठी केबल आणि डिस्क निवडताना : माझा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. नवी हळद यायला लागली की दुकानात पिवळी धूळ कायमच, आणि ती संगणकाच्या पंख्यात जाऊन बसते. टेबलाखालचा जुना टॉवर ऐन हंगामात तापून बंद पडायचा. म्हणून छोटा बेअरबोन घेऊन तो मॉनिटरच्या पाठीला, जमिनीपासून उंच बसवायचं ठरवलं. बेअरबोन म्हणजे डबा, मदरबोर्ड, प्रोसेसर आणि अडॅप्टर. रॅम, डिस्क आणि विंडोज आपलं आपण आणायचं. डबा लवकर ठरला. खरा वेळ गेला तो बाकीच्या बारीकसारीक वस्तूंना, आणि माझ्या मते पैशापेक्षा जास्त लक्ष तिथेच द्यायला हवं.

रॅमचं काम सोपं होतं. लॅपटॉपची छोटी पट्टी लागते. बोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा (रॅमच्या या दोन पिढ्या) एवढं बघायचं, कारण एकाची पट्टी दुसऱ्यात बसतच नाही. एकच मोठी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घेतल्या. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरणाऱ्या यंत्राला दोन पट्ट्यांचा फायदा होतो.

डिस्कचं मात्र नीट समजून घ्यावं लागलं. एम.२ हा फक्त आकार आहे. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. त्या आकारात सॅटाची डिस्कही मिळते आणि एनव्हीएमईचीही; डिस्क बोर्डाशी जोडायच्या या दोन वेगळ्या पद्धती, सॅटा जुनी आणि एनव्हीएमई नवी. सॅटा सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटपर्यंत जाते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई ३,५०० पर्यंत. पण वेगापेक्षा महत्त्वाचं असं की खाच जुळते म्हणून सॅटाची डिस्क नुसत्या एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये बसते, आणि बोर्ड तिला ओळखतच नाही. त्यामुळे दुकानात जाण्याआधी बोर्डाच्या माहितीपत्रकातली ती एक ओळ वाचायचीच. मी तिसऱ्या पिढीची ५०० जीबी घेतली. टॅली आणि शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या यांना त्याहून वेगवान काही लागत नाही, आणि वेगवान डिस्क बंद डब्यात जास्त तापते. उष्णता बाहेर टाकणारा धातूचा उंच हीटसिंकही घेतला नाही, झाकणच लागलं नसतं. उष्णता वाहून नेणारा पातळ थर्मल पॅड लावला. डिस्क धरून ठेवणारा बारका स्क्रू डब्याबरोबर आलाय का तेही बघून घ्या. तो एम२ मापाचा, म्हणजे २ मिमी जाडीचा असतो (डिस्कच्या एम.२ शी त्याचा संबंध नाही) आणि हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळत नाही.

जुन्या टॉवरमधली अडीच इंची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) चांगली होती, ती दुसरी डिस्क म्हणून वापरली. इथे दोन गोष्टी तपासल्या. पहिली जाडी. आमच्या डब्यात ७ मिमीच मावतं, लॅपटॉपच्या कित्येक जुन्या हार्ड डिस्क ९.५ मिमीच्या असतात. दुसरी केबल. टॉवरमधली लांब सॅटा केबल इथे चालत नाही. डेटा आणि वीज एकत्र नेणारी, फितीसारखी चपटी केबल लागते आणि ती त्या-त्या मॉडेलचीच असते. काही कंपन्या ती डब्यात देतात, काही वेगळी विकतात. आमच्या दुकानदारदादांनी खोकं फोडून ती आत असल्याचं दाखवलं, मगच मी पैसे दिले.

आता बॅकअपचं. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या गावभागातल्या घरात ठेवलेल्या वडिलोपार्जित वह्या त्यात गेल्या. कुणाची किती बाकी, कुणाला किती उचल, सगळा चिखल. तेव्हापासून हिशेबाची एक प्रत दुसऱ्या पत्त्यावर हवीच, असं मी धरून चालते. दोन बाहेरच्या एसएसडी घेतल्या. एक दुकानात, एक विश्रामबागला आत्याकडे, आणि आठवड्याला अदलाबदल.

या डिस्कला केबल कुठली लावता यावर सगळं आहे. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणारी यूएसबी-सी केबल दिसायला तशीच असते, पण पुष्कळदा ती यूएसबी २.० ची, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटची (आठ बिटांचा एक बाइट) निघते. तिच्यावरून १०० जीबी न्यायला पाऊण तास लागतो. ५ गिगाबिटच्या केबलवरून चार-पाच मिनिटांत होतं. रोज संध्याकाळी पट्ट्या मिटवल्यावर पाऊण तास कुणी थांबत नाही, आणि मग बॅकअप राहूनच जातो. म्हणून ५ किंवा १० गिगाबिट असं स्पष्ट लिहिलेली, आखूड केबल घ्या. यूएसबी ३ ची डिस्क चालू असताना शेजारच्या पोर्टमधला वायरलेस माउस अडखळतो, कारण दोघांच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास एकमेकींत मिसळतात. माउसचा रिसीव्हर छोट्या एक्स्टेन्शनने मॉनिटरच्या पुढे आणला आणि तो त्रास गेला.

मॉनिटरसाठी अर्ध्या मीटरची साधी एचडीएमआय केबल पुरली. फुल एचडी पडद्याला सोन्याचा मुलामा आणि ‘८के’ लिहिलेली केबल घेण्यात अर्थ नाही. शेतकऱ्यांना वजन दिसावं म्हणून समोर जुना व्हीजीए मॉनिटर आहे. त्याला डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर घेतला. हे कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतात, म्हणून ‘संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे व्हीजीए’ असं दुकानात तोंडाने सांगायचं.

वजनकाट्याला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट लागतो आणि छोट्या डब्यांना तो बहुधा नसतो. यूएसबीवरून सिरियल करणारी वायर स्वस्तातही मिळते, पण नकली चिपच्या वायरीला विंडोजचा ड्रायव्हर दाद देत नाही. मी एफटीडीआय कंपनीच्या चिपची घेतली. ती एकदा जिथे लावली तिथेच ठेवते. पोर्ट बदलला की विंडोज कधीकधी नवा कॉम नंबर (सिरियल पोर्टचा क्रमांक) देतं आणि काटा दिसेनासा होतो. सौद्याच्या वेळी ते परवडत नाही.

शेवटी राहिली विजेची वायर. अडॅप्टर होता, पण भिंतीपर्यंतची केबल आपल्या सॉकेटची नव्हती. लॅपटॉपच्या चार्जरला लागते ती तीन छिद्रांची, ६ अँपिअरच्या तीन पिनांची वायर गणपती पेठेत सहज मिळाली. अण्णांची एकच अट होती : “वायर लोंबता कामा नये गं, हमालाचं पोतं अडकलं की मॉनिटरसकट खाली येईल.” सगळ्या वायरी वेल्क्रोच्या पट्टीने स्टँडला बांधल्या. प्लास्टिकचे टाय वापरले नाहीत, कारण हंगाम संपला की डबा उतरवून धूळ झाडायची असते.