तक्त्यातली नवी ओळ

विजेच्या भार प्रेषण केंद्रात शिफ्ट करतो म्हटलं की लोकांना वाटतं, आम्ही बटण दाबून गावाचे लाइट घालवतो. खरं काम फोनचं आणि तक्त्यांचं. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ ब्लॉक. कोणी किती मेगावॉट द्यायचे-घ्यायचे ते ब्लॉकवार आधी ठरतं, आणि ठरल्याप्रमाणे सहसा कोणीच वागत नाही.

१५ नोव्हेंबर २०२४, त्रिपुरी पौर्णिमा. तक्त्यात नवी ओळ आली: नेपाळकडून बांगलादेशला ४० मेगावॉट, आपल्या ग्रिडमधून. उद्घाटन ऑनलाइन झालं. करार खरा जुलैतच व्हायचा, पण बांगलादेशातल्या आंदोलनात ढाका पेटलं आणि सही ३ ऑक्टोबरला काठमांडूत झाली.

एक बडे साहेब खुर्चीमागे येऊन उभे. "हां, दिखाइए, नेपाल की बिजली कौन सी है?"

काय दाखवू? नेपाळातल्या ढालकेबारहून बिहारमधल्या मुझफ्फरपूरला येणाऱ्या लाइनचा आकडा सतत खालीवर होत होता, त्यात हे ४० शोधणार कुठे! नेपाळचं ग्रिड आपल्याशी जोडून एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं, त्यामुळे तिकडून आलेली वीज बिहारमध्येच खपते. बांगलादेशचं ग्रिड वेगळं. सीमेपलीकडे भेरामाराच्या केंद्रात एसीचं डीसी आणि पुन्हा एसी होतं. तिथे जेवढा आकडा लावाल, तेवढीच वीज पलीकडे. म्हणजे मुझफ्फरपूरला ४० जमा आणि भेरामाराकडे गळती वजा जाता उरलेले नावे. साहेब हिरमुसले, फोटो मात्र काढून गेले.

त्यांना दाखवण्यासारखी गोष्ट तक्त्यात होती. नेपाळ आपल्यालाही वीज विकतं, तीही याच लाइनवरून. मीटरवर दोन्हींची बेरीज दिसते. कमी आले तर तूट कोणाच्या सौद्यातली, बिल कोणाच्या नावावर? ते सगळं ब्लॉकवार जुळवावं लागतं. ते जुळलं, आणि आमच्या पोरांनी ते फार नेटकं केलं होतं. वर आणखी, वीज कुठल्या प्रकल्पाची तेही नावानिशी मंजूर करून घ्यावं लागतं. चिनी पैसा लागलेला प्रकल्प भारताला चालत नाही.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. भेरामाराचा दुवा २०१३ पासून आहे, मुझफ्फरपूरची लाइन २०१६ पासून. शेजाऱ्याला आपल्या अंगणातून जाऊ द्यायला आपण एवढी वर्षं लावली. आणि करारातला हंगाम १५ जून ते १५ नोव्हेंबर, म्हणजे पहिला दिवस हाच त्या वर्षीचा शेवटचा! हिवाळ्यात नद्या आटल्या की नेपाळच आपल्याकडून वीज घेतं.

"सर, एवढ्याशासाठी एवढा खटाटोप?" शिफ्टमधल्या नव्या मुलाने विचारलं. बांगलादेशची कमाल मागणी १६ हजार मेगावॉटच्या वर, त्यात हे ४०. मी म्हटलं, उद्या ४०० झाले तरी ओळ हीच राहील. ते खरंच आहे. पण भेरामाराची क्षमता १००० मेगावॉट, आणि आपल्याच विजेने ती बरीचशी भरलेली असते. मग ते ४०० जाणार कुठून, आणि नवी लाइन कोणाच्या पैशाने? हे त्याने विचारलं नाही. मी मात्र अजून त्यावरच अडलोय.