डकोटाचा धूर

जुन्या डकोटा विमानाचं इंजिन खोकलं, भसकन पांढरा धूर निघाला आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालंच, "गेलं वाटतं इंजिन!"

गेलं नव्हतं हो. गोलाकार बसवलेले १४ सिलिंडर. विमान उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तेच जळतं. म्हणून स्टार्टर मारण्याआधी पंख्याची पाती हातानं फिरवतात. अडली तर जोर लावायचा नाही, उलटी तर मुळीच फिरवायची नाहीत. खालचे स्पार्क प्लग काढून तेल निथळू द्यायचं. तेल दाबलं जात नाही, म्हणून जोर लावला तर पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो!

हवाई दलाच्या 'परशुराम' डकोटावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे, २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला जवान उतरवणाऱ्या डकोटाचा. ते डोक्यावरून गेलं की अंगावर काटा येतोच. पण पाती फिरवताना कुणी जवळून बघितलंय?