झूमधलं मांजर आणि निफाडची शेळी

सिल्व्हेस्टर मांजर आणि ट्वीटी पक्षी यांची जेवढी कार्टून्स आहेत त्यात माझं फेवरेट म्हणजे झूमधलं. नाव 'ट्वीट झू', १९५७ चं, जेमतेम सात मिनिटांचं. टॉम अँड जेरीवाले अंगावर येतील माहितीये, पण माझ्यासाठी ही जोडी कायम त्यांच्या एक पायरी वरच, आणि का ते विचाराल तर हे एकच कार्टून लावून देईन.

स्टोरी म्हणाल तर काहीच नाही. काळंपांढरं मांजर झू बघायला येतं, ट्वीटी दिसते, तोंडाला पाणी सुटतं, की सुरू पळापळ. नेहमीच्या कार्टूनमध्ये घर असतं, आजीबाई असते, तिची छत्री असते, फार तर एखादा बुलडॉग. इथं मात्र जिकडं वळेल तिकडं मांजराच्या दसपट मोठं कुणीतरी बसलेलं. (ट्वीटी मुळात नर आहे बरं का, पण आमच्या घरात सगळे 'ती'च म्हणतात, मीही तेच म्हणणार.)

आता मजा बघा. घरातल्या गोष्टीत पिंजरा एकच असतो, तो ट्वीटीचा, आणि सगळा प्रश्न एवढाच की मांजर त्यात हात कसा घालणार. झूमध्ये नुसते पिंजरेच पिंजरे, आणि अख्ख्या झूमध्ये कसलंच कुलूप नसलेला, वाट्टेल तिकडं फिरू शकणारा प्राणी कोण, तर आपला सिल्व्हेस्टर, आणि सगळ्यात जास्त मार कोण खातो तर तोच. गज ओलांडून आत गेला की गेला. बाहेर ट्वीटीच्या मागं लागलेला शिकारी आणि आत पाऊल टाकलं की स्वतःच कुणाचा तरी नाश्ता, म्हणजे दोन सेकंदांत मांजराचा पक्षी होतो, आणि हे एकही डायलॉग न मारता नुसत्या जागेच्या जोरावर दाखवलंय, यालाच मी लेखन म्हणतो.

हे टेक्निक या कार्टूनच्या दिग्दर्शकानं, फ्रिझ फ्रेलंगनं, आधीही वापरलं होतं. १९५२ च्या 'एंट शी ट्वीट'मध्ये झू नाही पण अंगणभर बुलडॉग आहेत, आणि ट्वीटी पलीकडं घरात. मांजर काय करतं तर लांबच लांब बांबूचे पाय लावून कुत्र्यांच्या डोक्यावरून चालत निघतं, ऐटीत एकदम. ट्वीटी खालच्या कुत्र्यांना करवती वाटून देते. मग बुलडॉग खालून बांबू कापतायत, मांजर वरून हे बघतंय, आणि घाईघाईनं मागं फिरून कुंपण गाठायला बघतंय. पडणार हे आपल्यालाही माहीत, त्यालाही माहीत, तरी ते टाकत असलेलं एकेक पाऊल बघताना हसून हसून पोट दुखतं. मांजर पडल्यावर जेवढं हसू येतं त्याच्या दुप्पट पडायच्या आधी येतं.

हा सगळा टायमिंगचा खेळ. फ्रेलंग सीनचा हिशोब म्युझिकच्या नोटेशनसारख्या बार शीटवर मांडायचा, कुठल्या ठोक्यावर पाय पडणार, कुठल्या ठोक्यावर दार आपटणार हे आधीच ठरलेलं. आणि मार बऱ्याचदा तो दाखवतच नाही! मांजर भिंतीमागं किंवा दारामागं जातं, आपल्याला फक्त आवाज ऐकू येतो, आणि मग ते बाहेर येतं तेव्हा मिशा वाकड्या, केस उडालेले, चेहऱ्यावर 'काही झालंच नाही'चा भाव. आत काय झालं ते आपल्या डोक्यात. हल्लीच्या कार्टूनमध्ये सगळंच स्क्रीनवर आणून ओततात, वर सगळे सारखे ओरडत असतात, असो, मी म्हातारा होत चाललोय बहुतेक.

थोडा इतिहास सांगतो कारण मला सांगायला आवडतो. ट्वीटी दिग्दर्शक बॉब क्लॅम्पेटनं काढली, १९४२ मध्ये, तेव्हा ती गुलाबी होती, अंगावर एक पीस नाही. नागडा पक्षी बरा दिसत नाही अशी कुरकुर झाली आणि फ्रेलंगनं तिला पिवळी पिसं दिली. सिल्व्हेस्टर आला १९४५ ला. दोघं एकत्र आली १९४७ ला 'ट्वीटी पाय'मध्ये, आणि पहिल्याच फटक्यात ऑस्कर. यामागचा किस्सा तर भारीच आहे. निर्माता एडी सेल्झरचं म्हणणं होतं की मांजरासमोर ट्वीटी नको, आधीच्या कार्टूनमधला सुतारपक्षीच घ्या. फ्रेलंगनं आपली पेन्सिल त्याच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, एवढं कळतं तर तूच काढ. सांगतात की रात्री सेल्झरचा सॉरी म्हणायला फोन आला. आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणं ऑस्कर घ्यायला स्टेजवर कोण, तर निर्माता सेल्झर! ऑफिसात काम केलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

दोन्ही आवाज एकाच माणसाचे, मेल ब्लँक. सिल्व्हेस्टरचा थुंकी उडवत बोलणारा आवाज आणि ट्वीटीचा तो बारीक, टेपचा वेग वाढवून केलेला. मांजर ट्वीटीच्या मागं पळतं तेव्हा खरं तर एक माणूस स्वतःच्याच मागं लागलेला असतो.

आम्ही हे सगळं नव्वदच्या दशकात केबलवर बघितलं, कार्टून नेटवर्कवर, आणि रात्री त्याच चॅनेलवर टीएनटीचे जुने इंग्रजी सिनेमे सुरू झाले की घरातले मोठे रिमोट काढून घ्यायचे. आता भाचा मोबाईलवर बघतो. परवा त्याच्यासोबत बघत होतो तर मागून आईचा आवाज, "अरे त्या मांजराला घरात काही खायला घालत नाहीत का? एवढा जीव जाईस्तोवर कशाला पळतंय ते?" बरोबर आहे की! माझा पण सगळा जीव सिल्व्हेस्टरवरच आहे. ट्वीटी गोड वगैरे ठीक आहे, पण करवती वाटणाऱ्या माणसाला मी गोड म्हणणार नाही.

मग भाच्यानं विचारलं, "मामा, आपल्याकडं का नाही असा झू?" नाशकात खरंच तसला मोठा झू नाही. बघायचा तर पुण्याला कात्रज किंवा मुंबईला राणीची बाग. आपल्याकडं नांदूर-मध्यमेश्वर आहे, गोदावरी-कादवा जिथं मिळतात तिथलं पक्ष्यांचं अभयारण्य, २०२० मध्ये रामसार यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेलं, राज्यातलं पहिलं. हिवाळ्यात भल्या पहाटे निघालात तर एवढे पक्षी दिसतात की बघत राहाल, आणि एकही पिंजऱ्यात नाही. सिल्व्हेस्टर तिथं चिखलातच रुतला असता.

पण पिंजरा आपल्याकडं असतो, फक्त वेगळा. निफाड, सिन्नर पट्ट्यात, उसाच्या कडेला. बिबट्या दिसला की लोक मागणी करतात, वनखातं पिंजरा आणून लावतं, आणि आत शेळी. असा पिंजरा एकदा जवळून बघितलाय मी. आत जाळीचा एक आडवा पडदा असतो, म्हणजे बिबट्या येणार एका कप्प्यात आणि शेळी दुसऱ्यात. बिबट्याला ती दिसणार, वास येणार, बेंबें ऐकू येणार, पण पंजा पोचायचा नाही. तो आत शिरला, पाय पाटीवर पडला, की मागचं दार खाडकन खाली. शेळी मात्र तिकडं निवांत पाला चघळत होती, निदान मी बघितलेली तरी. अगदी ट्वीटी हो! फ्रेलंगला कुणी निफाडच्या उसात नेलं असतं तर एक पिक्चर नक्की निघाला असता.

आणि नाशिकचं आणि ॲनिमेशनचं नातं एवढं लांबचंही नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, पुढं नाशकातच त्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनी होती. राजा हरिश्चंद्र सगळ्यांना पाठ असतो, पण त्यांनी आगकाड्या हलवून एक छोटी फिल्म केली होती, १९१५ च्या सुमारास, 'आगकाड्यांची मौज' नावाची, एकेक काडी थोडी थोडी सरकवत एकेक फ्रेम घ्यायची. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथं आमच्यासारखे लोक पोरांना घेऊन जातात आणि ती झोपाळ्यावरच पळतात. तिथं ह्या आगकाड्यांबद्दल एक मोठा बोर्ड लावला ना कुणी तर मी त्याच्यासमोर उभा राहून भाच्याला समजावून सांगेन. सध्या घरात काडेपेटी आणि मोबाईलवर प्रयोग चालू आहे. काडी दर फोटोला थोडीशीच हलवायची असते हे त्याला पटत नाही, त्याला ती एकदम ट्वीटीसारखी उडायला पाहिजे.

बुलडॉगवालं मात्र अजून दाखवलं नाहीये त्याला. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना आधीच टरकतो, म्हणून बहीण म्हणाली थोडं थांब.