ग्रुप आहे ना जी

मे महिन्यातली गोष्ट. मी वनरक्षक, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका नाक्यावर रात्रपाळी. साडेअकराला तेंदूपत्त्याचा, म्हणजे बिडीच्या पानांचा, ट्रक आला अन टीपी (वाहतूक परवाना) पाहिली तर आमच्या खात्याची नाहीच, चार ग्रामसभांचे चार कागद, एकाचा शिक्का एवढा फिक्कट की गावाचं नाव वाचायला टॉर्च लावा लागला आणि त्याच्यावर तारीखही चुकीची. मी नवीनच बदलून आलेलो, माझ्यासाठी टीपी म्हणजे आमचंच पुस्तक अन आमचीच सही. ट्रक साइडला घ्यायला लावला.

ड्रायव्हरला म्हटलं, तुमचा साहेब कोण, त्याला फोन लाव. तो म्हणे, "साहेब नाही जी, ग्रुप आहे ना."

तासाभरात सात-आठ मोटरसायकली आल्या. मला वाटलं आता राडा होते, पण त्यांनी पिशवीतून रजिस्टरं काढली. समितीतली एक मावशी, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली, तिनं हिशेबच मांडला. 70 पानांचा पुडा, 1000 पुड्यांची गोणी, कोणत्या गावाच्या किती. म्हणे एकेकट्यानं लिलाव केला का ठेकेदार भाव पाडते, म्हणून चार ग्रामसभांनी ग्रुप करून एकत्र केला, पैसे मात्र ज्याच्या त्याच्या ग्रामसभेच्या खात्यात. एका पोरानं मोबाईलवर वनहक्क कायद्याचे 2012 चे सुधारित नियम दाखवले, वाहतूक परवाना ग्रामसभेची समितीच देणार. 2011 ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण अन वनमंत्री जयराम रमेश आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला येऊन बांबूच्या टीपीचं पुस्तक ग्रामसभेला देऊन गेले हे मी ऐकून होतो, पण बांबू तो बांबू, पत्त्याचं वेगळं असेल असं डोक्यात बसलेलं. वरिष्ठांना फोन केला तर "सकाळी वर विचारून सांगतो."

तीन गावांचे कागद बरोबर होते. फिक्कट शिक्क्याचं काय? बाकीच्यांना म्हटलं, तुम्हीच तारीख दुरुस्त करून सही करा ना, मोकळे व्हा. कोणीच तयार नाही! "त्यांचा ठराव हाये सायेब, आमी कशी सही करू?" मग त्या गावचा सचिव झोपेतून उठून येईपर्यंत सगळे बसलो. खरं सांगतो, वैताग आला. आमच्याकडे एका सहीनं काम होते. (किंवा त्याच एका सहीसाठी महिना अडते, ते सोडा.)

अडीचला ट्रक सोडला. मी बॅरिकेड लावायला उठलो तर मावशीनं रजिस्टर पुढं केलं, तीन तास ट्रक काहून थांबवला ते लिहून द्या म्हणे. लिहिलं. सही केली, तारीख दोनदा पाहून टाकली.