पंप उतरवण्याआधी मॉड्यूल बघा

ठाण्यात खाडीलगतच्या घोडबंदर रोडवर साचलेल्या पाण्यातून गेलेली पेट्रोल व्हॅन सेल्फ घेते पण चालू होत नाही, की लगेच टाकी उतरवून आतला पेट्रोल पंप बदलला जातो. दर वेळी तेवढ्याची गरज नसते; काही गाड्यांत पंपाला करंट देणारं वेगळं मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक डबी) असतं, तेच गेलेलं असू शकतं. चावी ऑन करून टाकीजवळ कान लावा; दोनेक सेकंद घूंऽऽ आवाज यायला हवा. येत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) बघा.

ते ठीक असतील तर पंपाच्या कनेक्टरवर २१ वॅटचा बल्ब जोडा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका, गंजलेल्या वायरीवरही तो १२ व्होल्ट दाखवतो. लोड आला, म्हणजे खरा करंट ओढला, की सगळं गायब. बल्ब पेटत नाही, पण मॉड्यूलपर्यंत सप्लाय, अर्थिंग आणि ईसीएमचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) सिग्नल येतोय? मग वायरिंग शाबूत असेल तर मॉड्यूलच गेलंय.

मॉड्यूल चॅसीला बाहेरून बसवलेलं असेल तर खोलून त्याची पाठ बघा. अॅल्युमिनियम लोखंडाला टेकलेलं, मध्ये ओल आणि खाडीची खारी हवा. पांढरी भुकटी धरते, पत्रा खाल्ला जातो, पाणी सर्किटमध्ये शिरतं.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, पार्ट नंबर जुळवा, स्पेसर टाकून मॉड्यूल आणि चॅसीमध्ये ५-६ मिमी फट ठेवा. जाम होत आलेला पंप जास्त करंट ओढून नवं मॉड्यूलही जाळतो, म्हणून शेवटी पंपाच्या वायरीला क्लॅम्प मीटर लावून करंट मोजाच.